छेद लहान, निर्णय मोठा

दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतरांगांमध्ये ओझी वाहणारा लामा हा उंटाच्या कुळातला प्राणी. उंटासारखा पाठीवर उंचवटा नाही, वजन साधारण दीडशे किलो, अंगावर दाट लोकर आणि चिडला की पोटातले अर्धवट पचलेले अन्न समोरच्याच्या तोंडावर थुंकण्याची सवय. अशा मादी लामाचे बीजांडकोश पोट न फाडता, दुर्बिणीच्या साहाय्याने काही छोट्या छिद्रांतून काढता येतात, हे अमेरिकेतील पशुशल्यचिकित्सकांनी १९९८ मध्ये सविस्तर मांडले. त्याच्या दोन वर्षे आधी, १९९६ मध्ये, लामाच्या पोटात दुर्बीण घातली की कोणता अवयव कुठे दिसतो, याचे वर्णन प्रसिद्ध झाले होते.

महाराष्ट्रातल्या वाचकाचा लामाशी सहसा संबंध येत नाही. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेशी मात्र जवळजवळ प्रत्येक घराचा येतो. कुणाचे पित्ताशय, कुणाचे अपेंडिक्स, कुणाच्या बीजांडकोशावरची गाठ, कुणाची कुटुंबनियोजनाची ‘बिनटाक्याची’ शस्त्रक्रिया. त्यातून एक समजूत घट्ट झाली आहे, की छेद लहान म्हणजे शस्त्रक्रियाच लहान. सकाळी जायचे, संध्याकाळी घरी. ही समजूत अर्धीच खरी आहे. उरलेली अर्धी बाजू समजून घ्यायची, तर लामासारखे उदाहरण शोधून सापडणार नाही. या प्राण्यात शस्त्रक्रियेची तयारी मोठी आणि गरज क्वचित, त्यामुळे ‘हे करायचे कशासाठी’ हा प्रश्न टाळताच येत नाही.

कुत्र्यापासून माणसापर्यंत आणि परत

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा इतिहास प्राण्यापासूनच सुरू होतो. १९०१ मध्ये जर्मन डॉक्टर गेऑर्ग केलिंग यांनी हॅम्बुर्ग येथे एका कुत्र्याच्या पोटात गाळलेली हवा भरून, मूत्राशय तपासण्याच्या नळीने आतले अवयव पाहून दाखवले. १९१० मध्ये स्टॉकहोमच्या हान्स क्रिस्तियान याकोबेयस यांनी हीच कल्पना माणसांवर वापरल्याचे प्रसिद्ध केले. पुढची कित्येक दशके ही पद्धत मुख्यतः आत डोकावून निदान करण्यापुरतीच राहिली.

तिला शस्त्रक्रियेचे रूप देण्यात स्त्रीरोगतज्ज्ञांचा वाटा मोठा. फ्रान्समध्ये राऊल पामर, इंग्लंडमध्ये पॅट्रिक स्टेप्टो आणि जर्मनीतील कील शहरात कुर्ट झेम यांनी उपकरणे आणि कौशल्य दोन्ही घडवली. स्टेप्टो यांनी दुर्बिणीतून मिळवलेल्या बीजापासूनच १९७८ मध्ये जगातले पहिले टेस्ट ट्यूब बाळ जन्माला आले. झेम यांनी १९८० मध्ये दुर्बिणीतून अपेंडिक्स काढले, तेव्हा त्यांच्यावर स्वतःच्याच व्यवसायातून टीका झाली. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत टीका मावळली आणि हे तंत्र जगभर पसरले. माणसांत ते रुळल्यावर त्याच नळ्या आणि तेच कॅमेरे पशुवैद्यकांच्या हाती आले. घोडा, गाय, कुत्रा आणि मग लामा. कुत्र्यापासून निघालेले तंत्र माणसाकडून फिरून प्राण्यांकडे परतले, ते असे.

सोपे दिसते, तितके नाही

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. पोट फुगले की आतल्या अवयवांमध्ये जागा होते, कॅमेऱ्याला दिसते आणि सर्जनला हात चालवता येतो. बीजांडकोश ओटीपोटात, मागच्या बाजूला असतात. तिथे पोहोचायचे तर आतडी आणि जठर पुढे सरकायला हवीत. म्हणून रुग्णाला उताणे ठेवून डोक्याकडची बाजू खाली करतात. स्त्रियांमध्ये हेच करतात आणि लामामध्येही हेच करतात. पण लामाच्या शरीरात यातली प्रत्येक पायरी एक अडचण घेऊन येते.

लामा रवंथ करतो. त्याच्या जठराला तीन कप्पे असतात आणि पहिला कप्पा प्रचंड मोठा, पोटाची डावी बाजू व्यापून बसलेला. तो भरलेला असला तर दुर्बिणीला काही दिसत नाही. शिवाय भूल दिल्यावर त्यातले अन्न घशात येऊन श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. म्हणून प्रौढ लामाला शस्त्रक्रियेआधी साधारण १२ ते २४ तास उपाशी ठेवावे लागते आणि फुगा असलेली नळी श्वासनलिकेत घालूनच भूल द्यावी लागते. ही नळी घालणेही सोपे नाही. तोंड लांब आणि अरुंद, जबडा फारसा उघडत नाही, स्वरयंत्र खूप आत.

लामा श्वास मुख्यतः नाकाने घेतो. डोके बराच वेळ खाली राहिले की नाकातले अस्तर सुजते. शस्त्रक्रिया उत्तम झाली, नळी काढली आणि त्यानंतर सुजलेल्या नाकामुळे जनावर गुदमरले, असे होऊ शकते. त्यामुळे नळी कधी काढायची, डोके कधी वर करायचे आणि शुद्धीवर येईपर्यंत शेजारी कोण बसणार, हे आधी ठरवावे लागते.

मग गाय किंवा घोड्याप्रमाणे उभ्या उभ्याच, कुशीतून शस्त्रक्रिया का करू नये? कारण लामाला त्रास झाला किंवा भीती वाटली की तो चारही पाय दुमडून खाली बसतो. हा त्याचा स्वभाव आहे. उपकरणे पोटात असताना दीडशे किलोचे जनावर अचानक खाली बसले तर काय होईल, हे सांगायला नको.

थोडक्यात, कातडीवरचा छेद एखाद्या सेंटिमीटरचा असला, तरी त्यामागे दिवसभराचा उपवास, पूर्ण भूल, कुशल भूलतज्ज्ञ, झुकवता येणारे टेबल, वायूच्या दाबावर सतत नजर आणि गरज पडल्यास तिथल्या तिथे पोट उघडण्याची तयारी असते. रुग्णाला आणि नातेवाइकांना दिसतो तो फक्त छेद.

कुंपण पुरेसे असताना

आता मुख्य प्रश्न. मादी लामाचे बीजांडकोश काढायचे कशासाठी?

पाळीव कुत्रीच्या बाबतीत कारण स्पष्ट असते. ती ठरावीक काळाने माजावर येते, दारात नर जमतात, नको असलेली पिल्ले होतात आणि वय वाढेल तसा गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजार संभवतो. भटक्या कुत्र्यांच्या निर्बीजीकरणामागे सार्वजनिक आरोग्याचाही विचार असतो. लामामध्ये ही कारणे बहुतांशी लागूच पडत नाहीत, आणि त्याचे मूळ त्याच्या प्रजननाच्या वेगळ्या रीतीत आहे.

स्त्रीच्या शरीरात दर महिन्याला आपोआप बीज सुटते. लामा मादीत ते सहसा आपोआप सुटत नाही, समागम झाल्यावर सुटते. मादी खाली बसते, समागम वीस मिनिटे किंवा त्याहूनही जास्त वेळ चालतो आणि त्यानंतर एक-दोन दिवसांत बीज सुटते. पूर्वी वाटत असे, की समागमाच्या स्पर्शानेच मेंदूला संदेश जातो. नंतर लक्षात आले, की नराच्या वीर्यातल्या द्रवातच बीज सोडवणारा एक घटक असतो. २०१२ मध्ये संशोधकांनी तो ओळखला. मज्जापेशींच्या वाढीसाठी आवश्यक म्हणून आधीपासून माहीत असलेले प्रथिनच ते निघाले. त्या प्रथिनाच्या मूळ शोधासाठी रीटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांना १९८६ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. मज्जासंस्थेच्या अभ्यासातून सापडलेला रेणू पुढे लामाच्या बीजांडकोशाचा कारभार सांगतो, हे विज्ञानातले आनंददायी योगायोग.

या माहितीचा व्यवहारातला अर्थ साधा आहे. नर नसेल तर बीज सहसा सुटत नाही, गर्भ राहत नाही आणि कुत्रीसारखा माजाचा त्रासही होत नाही. नर आणि मादी यांच्यामध्ये भक्कम कुंपण घातले, की संततिनियमन झाले. म्हणूनच मादी लामाचे बीजांडकोश काढणे हा सरसकट करायचा उपाय कधीच झाला नाही. बीजांडकोशावर गाठ असेल, संप्रेरकांच्या बिघाडामुळे जनावर आक्रमक झाले असेल, गर्भारपण जिवावर बेतेल अशी मादी असेल आणि नरापासून वेगळे ठेवणे शक्य नसेल, अशा मोजक्या कारणांसाठीच या शस्त्रक्रियेचा विचार होतो. अशा वेळी मात्र दुर्बिणीचा फायदा खरा आहे. जखम लहान, वेदना कमी, जनावर लवकर उठून कळपात मिसळते.

गर्भाशयाच्या बाबतीतही आधी शरीर वाचावे लागते. लामाच्या गर्भाशयाला दोन शिंगे असतात. बीज दोन्ही बाजूंच्या बीजांडकोशांतून सारख्याच प्रमाणात सुटते, पण जवळजवळ सगळे गर्भ डाव्या शिंगातच वाढतात. उजवीकडून आलेला गर्भही सरकत डावीकडे जातो. साडेअकरा महिन्यांच्या गर्भारपणानंतर एकच पिल्लू जन्मते. एका बाजूचा बीजांडकोश आजारी पडला आणि तो काढावा लागला, तरी दुसऱ्याच्या बळावर मादी पुन्हा गाभण राहू शकते. हे ठाऊक असलेला सर्जन तेवढाच भाग काढतो, ठाऊक नसलेला सगळेच काढून मोकळा होतो. छेद दोघांचाही सारखाच दिसेल.

गर्भधारणा झाली की नाही, हे पाहण्याची पहिली चाचणी तर गोठ्यातच होते. गाभण मादी जवळ येणाऱ्या नराला बसून प्रतिसाद देत नाही, त्याच्यावर थुंकते. पाळणारे त्यावरून अंदाज बांधतात आणि मग सोनोग्राफीने खात्री करतात. गर्भ एका मादीतून दुसरीत नेण्यासाठीही आता पोट उघडावे लागत नाही. गर्भाशयाच्या मुखातून नळी घालून, धुऊन गर्भ बाहेर काढतात आणि त्याच वाटेने दुसरीच्या गर्भाशयात सोडतात.

गर्भारपणाच्या शेवटी कधी कधी गर्भाशयाला पीळ पडतो. मादी अस्वस्थ होते, पोट दुखते, वेळेत उपाय न झाल्यास पिल्लू आणि आई दोन्ही दगावू शकतात. इथे दुर्बिणीचा उपयोग नाही, कारण भरल्या गर्भाशयामुळे आत जागाच नसते. अनेकदा मादीला भुलीचे औषध देऊन, आडवे करून, योग्य दिशेने लोळवले की पीळ सुटतो. तो सुटला नाही, तर मात्र मोठा छेद घेऊन पोट उघडावेच लागते. एकाच आजाराला एकतर शून्य छेद किंवा मोठा छेद. लहान छेद हे दर वेळी उत्तर असतेच असे नाही.

नराची गोष्ट आणि हाडांचा हिशेब

कळपात नियमित शस्त्रक्रिया होते ती नराची. अँडीजमध्ये लामाचे तांडे मीठ, मका, बटाटे घेऊन डोंगर ओलांडत, तेव्हा ओझ्यासाठी खच्ची केलेले नर वापरायची जुनी रीत होती. आज अमेरिकेत मेंढ्यांचे कोल्ह्या-कुत्र्यांपासून रक्षण करायला ठेवलेला लामा बहुधा खच्ची केलेला नरच असतो. लामाचे वृषण शरीराबाहेर, गुदद्वाराखाली असतात. पोट उघडण्याचा प्रश्नच येत नाही. दुर्बिणीची गरज फक्त तेव्हा लागते, जेव्हा एखादे वृषण खाली न उतरता पोटातच अडकलेले असते.

इतकी सोपी शस्त्रक्रिया, मग ती पिल्लू लहान असतानाच उरकून का टाकू नये? पशुवैद्यांचा सल्ला बहुधा दीड-दोन वर्षे थांबण्याचा असतो. वृषणांतून निघणारे संप्रेरक हाडांची वाढ योग्य वेळी थांबवते. ते लवकर काढून टाकले, तर लांब हाडे वाढतच राहतात. जनावर उंच होते, पाय काठीसारखे ताठ होतात, गुडघ्याच्या वाट्या सरकतात, सांधे लवकर झिजतात. सोपी म्हणून लवकर केलेली शस्त्रक्रिया जनावर पुढे आयुष्यभर फेडत बसते.

दुसरी चूक स्वभावाच्या बाबतीत होते. आईपासून तोडून, बाटलीने दूध पाजून, माणसांत लाडाने वाढवलेला नर मोठा झाल्यावर माणसालाच आपल्या जातीचा प्रतिस्पर्धी समजतो आणि अंगावर धावून येतो. मग मालक पशुवैद्याकडे येतो आणि खच्चीकरणाची मागणी करतो. पण तोवर सवय पक्की झालेली असते, शस्त्रक्रियेने ती जातेच असे नाही. वाढवण्यातला दोष सुरीने काढता येत नाही.

या दोन्ही उदाहरणांतून एकच मुद्दा पुढे येतो. प्रजननाचे अवयव केवळ प्रजननासाठी नसतात. हाडे, स्नायू, रक्तवाहिन्या, मेंदू, सगळ्यांशी त्यांचा व्यवहार चालू असतो. ‘आता मूल नको, मग हा अवयव कशाला ठेवायचा’ हा विचार शरीरशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. लामामध्ये नाही आणि माणसामध्ये तर नाहीच.

आता घराकडे

स्त्रीचे बीजांडकोश नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या आधी काढले, तर हाडे ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. नुसते गर्भाशय काढून बीजांडकोश ठेवले, तरी रजोनिवृत्ती लवकर येण्याची शक्यता वाढते. हे वैद्यकशास्त्राला नवे नाही. तरीही आपल्याकडे ‘पिशवी काढून टाकली’ हे वाक्य दाढ काढल्याच्या सहजतेने उच्चारले जाते.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांचे उदाहरण महाराष्ट्राला ठाऊक आहे. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. अनेकींची वये तिशीच्या आसपास होती. कारणे वैद्यकीय कमी आणि कामाची जास्त. पाळीच्या दिवसांत सुट्टी नाही, खाडा केला तर दंड, फडात शौचालय नाही, पाणी नाही, अंगावरून पांढरे जाते म्हणून डॉक्टरकडे गेले की कर्करोगाची भीती. पांढरे जाण्यावर गोळ्या आहेत, गर्भाशयमुखाची तपासणी आहे, अतिरक्तस्रावावर औषधे आणि गर्भाशयात बसवायचे साधन आहे. लामासाठी जसे कुंपण, तसे या स्त्रियांसाठी स्वच्छतागृह, भरपगारी रजा आणि वेळेवर तपासणी हेच पहिले उपचार होते. ते मिळाले नाहीत, म्हणून सुरी आली.

जनावराला बोलता येत नाही. म्हणून चांगला पशुवैद्य मालकाला विचारतो, की यात तुमची सोय किती आणि जनावराचे भले किती? बीडच्या स्त्रीला बोलता येत होते. तिने संमतिपत्रावर सही किंवा अंगठाही दिला असेल. पण मुकादमाची उचल फेडायची असताना दिलेल्या संमतीला मोकळी संमती म्हणायचे का? हा प्रश्न तिच्या डॉक्टरने तरी विचारायला हवा होता.

दुसरे उदाहरण तयारीचे. स्त्रियांची दुर्बिणीची नसबंदी ही चांगली, परिणामकारक शस्त्रक्रिया आहे. बेंबीजवळच्या लहान छिद्रातून दुर्बीण घालून दोन्ही गर्भनलिकांवर छोटी रिंग चढवतात. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात एकाच सर्जनने काही तासांत ८३ स्त्रियांवर ती केली. एका पथकाने दिवसाला तीसपेक्षा जास्त करू नयेत, असे नियम सांगत होते. त्या दिवसांतल्या शिबिरांनंतर किमान १३ स्त्रियांचा मृत्यू झाला. मृत्यूच्या कारणांवरून वाद झाले, औषधांवरही संशय घेतला गेला. पण दर स्त्रीमागे काही मिनिटे मिळत असतील, तर उपकरणे नीट निर्जंतुक कशी होणार आणि शुद्धीवर येणाऱ्या रुग्णावर नजर कोण ठेवणार, याचे उत्तर कोणाकडे नव्हते. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देविका बिस्वास खटल्याच्या निकालात अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्यास सांगितले. एका लामासाठी दिवसभराची तयारी आणि एका स्त्रीसाठी काही मिनिटे, ही तुलना बोचरी आहे आणि बोचलीच पाहिजे. छेद लहान होता, म्हणूनच गर्दीत उरकता येईल असे वाटले.

तिसरे उदाहरण रोजचे. लामाच्या कळपात शस्त्रक्रिया नरावर होते, कारण ती सोपी आणि कमी धोक्याची आहे. माणसात नेमके उलटे घडते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के जणींनी नसबंदी करून घेतली होती. ज्या जोडप्यांत पुरुषाने ती करून घेतली, त्यांचे प्रमाण ०.३ टक्के. खरे तर पुरुष नसबंदी ही दोन्हींतली लहान शस्त्रक्रिया. पोट उघडायचे नाही, वायू भरायचा नाही, पूर्ण भूल द्यायची नाही. चीनमधील डॉ. ली शुनच्यांग यांनी १९७४ मध्ये विकसित केलेल्या पद्धतीत तर सुरीही लागत नाही. जागा बधिर करून एका बारीक छिद्रातून काम होते आणि पुरुष तासाभरात घरी जातो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पुरुष नसबंदी म्हणजे खच्चीकरण नाही. खच्चीकरणात वृषणच काढतात, त्यामुळे संप्रेरक बंद होते. नसबंदीत फक्त शुक्राणू वाहणारी नळी बांधून कापतात. वृषण आणि संप्रेरक जसेच्या तसे राहतात. ताकद, दाढी-मिशा, लैंगिक इच्छा यांत फरक पडत नाही. शस्त्रक्रियेनंतर साधारण तीन महिने निरोध वापरायचा आणि वीर्यतपासणीत शुक्राणू नाहीत याची खात्री करून घ्यायची, एवढेच पथ्य. तरीही आकडा ०.३ टक्के. घरातली शस्त्रक्रिया कोणावर करायची, हे शरीरशास्त्र पाहून ठरत नाही. घरात ‘नको’ म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे, यावरून ठरते.

विचारायलाच हवेत असे प्रश्न

हे सारे दुर्बिणीच्या विरोधात नाही. गर्भनलिकेत गर्भ राहून ती फुटायच्या बेतात असताना, बीजांडकोशाची गाठ पिळली गेल्यावर, एंडोमेट्रिओसिसच्या असह्य वेदनांमध्ये हेच तंत्र जीव वाचवते किंवा जगणे सुसह्य करते. पूर्वी आठवडाभर रुग्णालयात पडून राहावे लागणारी स्त्री आज दोन दिवसांत घरी जाते, जखमेत पू होण्याचे प्रमाण कमी होते, रोजगार बुडत नाही. सरकारी रुग्णालयांत हे तंत्र तालुक्यापर्यंत पोहोचले पाहिजे, आणि त्यासोबत भूलतज्ज्ञ, निर्जंतुकीकरणाची सोय आणि शिकलेल्या परिचारिकाही. नुसता कॅमेरा आणि पडदा विकत घेतला, की सेवा सुरू झाली असे होत नाही.

मात्र तंत्र जितके सोयीचे होते, तितका ते वापरण्याचा मोह वाढतो. पोटावर वीतभर छेद द्यायचा असे, तेव्हा डॉक्टर आणि रुग्ण दोघेही दहादा विचार करत. तो विचार करायला लावणारी भीती छेदाबरोबर लहान झाली. तिची जागा आता प्रश्नांनी घ्यायला हवी.

शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला, तर डॉक्टरांना विचारा. ही नेमकी कशासाठी? केली नाही तर काय होईल आणि किती दिवस थांबता येईल? औषधाने किंवा दुसऱ्या साध्या उपायाने भागेल का? कोणता अवयव काढणार आणि कोणता ठेवणार? गर्भाशय काढायचेच असेल, तर बीजांडकोश ठेवता येतील का? भूल कोण देणार? पोट उघडण्याची वेळ आली, तर तशी सोय इथे आहे का? हे प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणे नाही. चांगल्या डॉक्टरला ते आवडतात, कारण उत्तर त्याने स्वतःशी आधीच दिलेले असते. आणि उत्तराने समाधान झाले नाही, तर दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्याचा अधिकार प्रत्येक रुग्णाला आहे, सरकारी दवाखान्यातल्या रुग्णालाही.

घरातल्या माणसांनी आणखी एक प्रश्न आपसात विचारावा. ही शस्त्रक्रिया जिच्यावर होणार आहे, ती तिला हवी आहे का? सासूला, नवऱ्याला, मुकादमाला काय हवे, ते नंतर.